न फिरवलेलं ताट

सांतो निन्योची, आमच्या बाळ येशूची शपथ, शब्दन् शब्द खरा! तुरुंगातून सुटलेल्या बायकांचं आमचं हे घर. नवी आलेली मिलाग्रोस भर जेवणातून पिशवी घेऊन उठली. "जीव घुसमटतो इथं, आजी. निघाले." रविवारी तिची लेक तिच्याजवळ राहायला यायची होती. ही गेली की खोली गेली, लेकही गेली.

आमच्यात कुणी जेवता जेवता उठून निघालं, की बाकी सगळ्यांनी आपापली ताटं जागच्या जागी गोल फिरवायची, नाहीतर जाणारा सुखरूप पोचत नाही. सगळ्यांनी फिरवली. मी हाताची घडी घालून बसले.

"फिरव की गं, म्हातारे!" मिलाग्रोस दारातून ओरडली.

"नाही फिरवत. जा बघू कशी जातेस!"

दारात येरझारा घातल्या, मला शिव्या घातल्या, शेवटी येऊन तिनं गार भात पुढ्यात ओढला.

बरं, एक थाप मारली. ताट मी फिरवलं होतं, तिची पाठ वळल्याबरोबर, हळूच. गेलीच असती पोरगी, तर?