तिथी विरुद्ध शनिवार

“तह म्हणजे शरणागती,” काशिनाथकाका माइक बाजूला सारून गरजले. “यंदा दुपटीनं मोठा हॉल घेऊ, पुण्याहून ढोलपथक आणू. बाळला त्याची जागा दाखवायचीच.”

समोर माणसांपेक्षा रिकाम्या खुर्च्या जास्त. पहिल्या रांगेत देवयानी, अध्यक्षपदासाठी काकांच्याच विरोधात उभी.

गणपती तिथीला बसवायचा की सोयीच्या शनिवारी, यावरून क्राइस्टचर्चचं मंडळ सात वर्षांपूर्वी फुटलं. तिथीवाल्यांचे राजे काशिनाथकाका, शनिवारवाल्यांचे त्यांचेच जिवलग बाळकाका. यांनी गायक आणला की ते नाटक आणणार. जमेला नुसती ईर्ष्या राहिली, माणसं खर्ची पडली. गेल्या वर्षी आरतीला झांजा जास्त आणि हात कमी. काका पुन्हा आले असते, तर पुढच्या वर्षी मूर्ती उचलायलाही कोणी उरलं नसतं.

शनिवारवाल्यांची निवडणूकही आजच, पलीकडच्या शाळेत. तिथे बाळकाकांविरुद्ध देवयानीची मैत्रीण अनुया. दोघी जिंकल्या तरच एक गणपती.

“काका, जरा सबुरीनं,” त्यांचा हक्काचा मतदार सुशील कुजबुजला. “मतं जातील.”

काकांनी थर्मासमधला चहा शांतपणे संपवला आणि आवाज आणखी चढवला. “पथकाचा खर्च घरटी वसूल करू.”

सुशीलसुद्धा फिरला. देवयानी दणक्यात निवडून आली.

काकांनी कपाटाच्या किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या. “बाळपुढे वाकलीस तर गाठ माझ्याशी आहे.”

“गाडी सर्व्हिसिंगला दिलीय ना तुमची? सोडते घरी.”

“नको. जाईन माझा मी.”

ते बाहेर पडले तोच अनुयाचा मेसेज आला. ‘स्वीट ॲज, एकदम मस्त! आले निवडून. बाळकाकांनी महागडं ढोलपथक आणायचं भाषण ठोकलं, अख्खा हॉल माझ्याकडे वळला.’

देवयानीला हसू फुटलं. मग खुर्चीखाली राहिलेला काकांचा थर्मास दिसला. तो घेऊन ती धावली.

कोपऱ्यावरच्या डेअरीच्या दुकानासमोर एक गाडी उभी होती. काचा खाली. काका आत बसून पट्टा लावत होते. स्टिअरिंगवर बाळकाका.

“पडलास?”

“साफ. ढोलपथक म्हटलं आणि सुशीलसुद्धा गेला.”

“ढोलपथक माझ्या भाषणात होतं, काशा,” बाळकाका गाडी सुरू करत म्हणाले. “तुझं वर्गणीचं ठरलं होतं ना?”