आखूड चासी

"हीसुद्धा आखूड," मर्व म्हणाला आणि त्याने आपली लाकडी पट्टी ट्रेलरच्या चासीवरून, चाकांवरच्या उघड्या सांगाड्यावरून, उचलून घेतली.

सकाळपासूनची ही चौथी. ग्लेनिसने कपाळाला हात लावला. नाराकूर्ट गावाच्या बाहेर तिचं जुन्या-नव्या ट्रेलरांचं आवार होतं. एकोणतीस वर्षांत असलं गिऱ्हाईक तिने पाहिलं नव्हतं.

"मर्व, तुझी उंची पाच फूट चार इंच. तीही बूट घालून. ही चासी सहा फुटांची आहे. उरलेल्या जागेत काय कोबी लावणार आहेस?"

"लावीन की. तुझ्या पोटात का दुखतंय?"

"आणि मोजायला माझ्याकडची टेप घे ना. हे फळकूट कुठून उपटून आणलंस?"

मर्व पुढच्या ट्रेलरकडे वळला. पट्टी एका बाजूने पांढरी रंगवलेली होती आणि टोकांना खिळ्यांची भोकं होती. रंगवलेली बाजू तो सारखी पायाकडे वळवून धरत होता.

त्याची मुलगी ब्रॉनविन पत्र्याच्या शेडखालून वाकून बाहेर आली. तिचं अंग आंबलं होतं. काल चार तास गाडी चालवून ती ॲडलेडहून आली होती आणि रात्री आपल्या लहानपणच्या पलंगावर घडी होऊन पडली होती. झोप लागली नव्हतीच. आई जाऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत ब्रॉनविनने एकही रजा घेतली नव्हती. सगळे कागद तिने केले होते, आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलं होतं आणि वडिलांचा फ्रीझर वारांची नावं लिहिलेल्या डब्यांनी भरला होता. मर्व गुरुवारचा डबा सोमवारी खायचा आणि तिला फोन करून मुद्दाम सांगायचा.

आता त्याने गाडीमागे ओढायची झोपण्याची खोली बांधायला घेतली होती. थेंबाच्या आकाराची, प्लायवूडची. आत फक्त बिछाना, मागे झाकणाखाली शेगडी. फ्रिजवर चिकटवलेला आराखडा ब्रॉनविनने काल पाहिला होता. त्यात दोन दारं होती आणि दोन उशा. आज आवारात ती त्याच्याबरोबर आली होती एवढ्यासाठीच. वडिलांना सहा बाय चारची, एका माणसाची चासी घ्यायला लावायची आणि दुसरी उशी खोडायला लावायची. ते कसं सांगायचं, एवढंच तिला कळत नव्हतं.

"ही बघ," ग्लेनिस म्हणाली. "सहा बाय चार. स्प्रिंगचे पाटे नवे. तुझ्या गॅरेजातून सहज निघेल. आमच्या ह्यांनी आत बसून एवढी मोठी बांधली, की शेवटी भिंत पाडावी लागली."

"चाकं मधोमध आलीत," मर्व म्हणाला. "दार मडगार्डवर येईल. चाकं मागे हवीत. दोन्ही बाजूंनी उतरता आलं पाहिजे."

"डॅड, एकट्याला एक दार पुरतं," ब्रॉनविन हळूच म्हणाली.

"शेजारी लाथा मारणारं माणूस असलं की दोन लागतात."

झोपेत लाथा मारण्यावरून आईची चेष्टा व्हायची. ग्लेनिस उगाच एका चाकाची हवा दाबून बघू लागली.

आवाराच्या टोकाला पत्र्याखाली एक सात बाय पाच उभी होती. सपाट, जस्त चढवलेली, चाकं मागच्या अंगाला. मर्वने वर फळ्या टाकायला लावल्या. पट्टी लांबीवर ठेवली. या वेळी ती पूर्ण आत बसली. त्याने शीळ घातली. मग तो वर चढला, अगदी डाव्या कडेला सरकून आडवा झाला आणि टोपी पोटावर ठेवली. उजवी अर्धी बाजू मोकळी होती. तिच्यावर त्याने दोनदा हात थोपटला.

"ही घेतली," तो म्हणाला.

"शवपेटीत पडल्यासारखा दिसतोस," ग्लेनिस म्हणाली आणि जीभ चावली.

ब्रॉनविन जवळ गेली. तिचा आवाज तिला हवा होता तितका शांत निघाला नाही. "डॅड, खाली उतर. आई येणार नाहीये."

मर्व उठून बसला. रागावला नाही.

"माहितेय गं. तिचा हात माझ्याच हातात होता." त्याने टोपी झटकली. "आणि तुझी आई नोरीन होती पाच फूट एक इंच. तिला पहिलीच चासी पुरून उरली असती. चार तास गाडी चालवून भांडायला आलीस, हिशेब तरी नीट करायचास."

त्याने पट्टी तिच्या हातात दिली. "उलटी कर."

ती स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीची पट्टी होती. पांढऱ्या रंगावर उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा, खालून वर चढत गेलेल्या. प्रत्येक रेघेपुढे आईचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. ब्रॉन, चार वर्षं. ब्रॉन, नऊ. ब्रॉन, तेरा, देवा! सर्वांत वर, सहा फूट एक इंचावर: ब्रॉन, सतरा. आता बास कर, तंबू पुरत नाही.

ब्रॉनविनने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग पट्टी नीट बाजूला ठेवून ती फळ्यांवर चढली आणि मोकळ्या उजव्या बाजूला कुशीवर झोपली. आयुष्यभराच्या सवयीने तिने गुडघे पोटाशी घेतले.

ग्लेनिसला अचानक कार्यालयात काम आठवलं.

मर्व पुन्हा आडवा झाला. दोघं वरच्या पत्र्याकडे बघत राहिले.

"पाय सरळ कर," तो म्हणाला.