शोभेची बटणं
पोटातले चांगले जंतू मेंदूलाही सावरतील या आशेवर कंपवाताने गांजलेले शिंपीकाका जंतूंच्या गोळ्या गिळत होते. “घरात भाडेकरू नको म्हणायचे, आता पोटात कोट्यवधी ठेवलेत,” काकू डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. “पण गुण आलाय. सदऱ्याची बटणं आपली आपण लावतात.” काकू गोळ्या आणायला औषधांच्या खिडकीपाशी गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सदरा पाहिला. बटणं नुसती शोभेची; आत वेल्क्रो होतं. “तिची करामत,” काका हळूच म्हणाले. “जन्मभर शिवलं, मला कळणार नाही होय? पण बोलू नका, खूश आहे बिचारी.” “म्हणजे गोळ्यांचा उपयोग नाही. बंद करू या?” “थांबा.” थरथरत्या बोटाने त्यांनी वेल्क्रोभोवतीचे टाके दाखवले. “तिचा टाका रेघेसारखा सरळ असायचा. हे बघा, कसे नाचलेत. तिचाही हात थरथरायला लागलाय. तिला अजून पत्ता नाही. उरलेल्या गोळ्या तिला चालतील?”