दहा मिनिटांचं अद्वैत

अनुभव केंद्रातून निरंजन परतला तो चक्क गुणगुणत. त्याची आणि केतकीची चार वर्षांची मुलगी सई गेल्यापासून आठ महिन्यांत घरात कुणी गुणगुणलं नव्हतं.

केंद्रातल्या यंत्रात दहा मिनिटं बसून आलेला प्रत्येक माणूस एकच सांगायचा, की सगळं एक आहे आणि कुणी कुठे जात नाही. आता तर शास्त्रज्ञांनीही ते मान्य केलं होतं.

"उद्या तुझा नंबर आहे, केतू. बघ, मन कसं पिसासारखं होतं."

"आपली सई भेटली तिथे?" केतकीने धीर करून विचारलं.

"वेडाबाई, तिथे सई, तू, मी असं वेगळं कुणी नसतंच."

"अरे, पण वरणातला कढीपत्ता वेचून तुझ्या ताटात टाकायची, ती सई?"

निरंजन प्रसन्न हसला. "टाकत असेल. सगळीच मुलं टाकतात."

केतकी त्याच्याकडे बघतच राहिली. मग बाल्कनीत जाऊन तिने केंद्राला फोन लावला आणि आपला नंबर रद्द करायला सांगितला.

"ताई, सत्य कळायला नको का तुम्हाला?" पलीकडची मुलगी कळकळीने म्हणाली.

"खरं असेलही हो ते," केतकी म्हणाली, "पण तिच्यासाठी रडायला आता या घरात मी एकटीच उरलेय."