कुंकू लागलेलं मशीन

सौदा व्हायच्या आधीच चंपतरावांनी मशीनला कुंकू लावलं. बायकोनं, देवकीबाईंनी, घरून पुडी बांधून दिली होती. सीताबर्डीच्या त्या दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी ती सोडली आणि काचेजवळच्या सर्वांत मोठ्या, हिरव्या, चकचकीत टाइपरायटरच्या कपाळावर ठसठशीत बोट ओढलं. मशीनला कपाळ असतं की नाही, हा प्रश्न त्यांना पडला नाही. पोरीला विचारायचं मात्र राहूनच गेलं.

पोरगी, म्हणजे प्रेमिला, मागे उभी होती. त्या साली, त्र्याहत्तरला, काटोलहून मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा पास झालेली ती एकटीच मुलगी. महादेवराव वकिलांनी सांगून ठेवलं होतं, घरचं मशीन आण, कोर्टाचे सगळे कागद तुझ्याकडेच देतो. झालं! तेव्हापासून चंपतरावांचे पाय जमिनीला लागत नव्हते. संत्र्याच्या बागेतल्या मजुरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत त्यांनी कुणाला सोडलं नव्हतं. आज नागपूरला येतानाही शेजारच्या अनोळखी बाईला, आमची पोरगी बोटांकडे न पाहता लिहिते, हे त्यांनी सांगितलं, आणि ती झोपेचं सोंग घेईपर्यंत सांगतच राहिले.

दुकानदार ताराचंद खूश झाला. मशीन किती दणकट, किती वजनदार, मोठमोठ्या कचेऱ्यांत कसं हेच चालतं, हे सगळं तो चंपतरावांनाच सांगत होता. चंपतरावांनीही मशीनच्या पाठीवर थाप मारली, खाली वाकून पाहिलं, गोऱ्ह्याची पारख करावी तशी. बैलबाजारात त्यांच्या शब्दाला मान होता. तिथला रिवाज त्यांनी ताराचंदलाही ऐकवला. कपाळाला कुंकू लागलं की जनावर आपलं; मग देणाऱ्यानंही फिरायचं नाही अन् घेणाऱ्यानंही नाही.

प्रेमिलाने हळूच विचारलं, मी जरा बसून पाहू का? ताराचंदने कागद लावून दिला. खुर्चीवर बसून तिने वडिलांकडे दुपट्टा मागितला. तिच्या टायपिंगच्या सरांची पद्धतच तशी होती. हातांवर फडकं टाकायचं आणि मग टाइप करायचं, म्हणजे डोळे मधे लुडबुड करत नाहीत. चंपतरावांनी खांद्यावरचा दुपट्टा मोठ्या थाटात तिच्या हातांवर पसरला आणि दुकानातली दोन गिऱ्हाइकं पाहताहेत ना, याची खात्री करून घेतली.

दुपट्ट्याखाली मशीन खडखडू लागलं. पण अर्ध्या पानातच वेग मंदावला. प्रेमिला थांबली, करंगळी झटकली, पुन्हा टाइप करू लागली, पुन्हा थांबली. मग दुपट्टा उचलून ती सरळ कोपऱ्यातल्या दुसऱ्या मशीनपुढे जाऊन बसली. ते करडं, बुटकं, कुणी वळून पाहू नये असं होतं. हातांवर दुपट्टा पुन्हा पसरला आणि तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्या तसा आवाज सुरू झाला. पान संपलं तेव्हाच तो थांबला.

"बाबा, हे घेऊ."

चंपतरावांचा चेहरा उतरला. "काहून वं? त्याच्यात काय वाईट आहे?"

"वाईट नाही गा बाबा. पण दाब लय लागते. मले दिवसभर बसायचं आहे त्याच्यापुढं." बोलली हळू, पण त्या खुर्चीवरून उठली नाही.

ताराचंद हसला. बायकांच्या बोटांना आधी तसं वाटतंच, होईल सवय, असं त्याने चंपतरावांना समजावलं. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आणि भाऊ, कुंकू तर तुम्हीच लावलं. आता फिरायचं नाही, हेही तुम्हीच म्हणाले."

चंपतराव चांगलेच पेचात सापडले. कुंकू लागल्यावर ते जन्मात कधी फिरले नव्हते. एकदा सख्ख्या साळ्यानं बाजारात घाईघाईने लंगड्या बैलाला कुंकू लावलं, तर त्यांनी त्याला तोच बैल घरी न्यायला लावला होता. देवकीबाई महिनाभर बोलल्या नव्हत्या, तरी ते हलले नव्हते. आता गिऱ्हाइकंही मान वळवून बघू लागली. चंपतरावांनी पोरीकडे पाहिलं. ती ताठ बसली होती, दोन्ही हात अजून त्यांच्या दुपट्ट्याखाली. तिला काय हवं ते तिला पक्कं कळत होतं, आणि चारचौघांत ते बोलायची तिला लाज वाटली नव्हती. त्यांना तिचा भारी अभिमान वाटला.

ते पुढे झाले. धोतराचा सोगा नीट केला.

"कुंकू तुमच्या दुकानाले लागलं समजा, ताराचंदभाऊ. ते करडं बांधून द्या."

"अहो, पण या मशीनमधे खोट काय आहे?"

"खोट काहीच नाही. मशीन लाखात एक आहे. पण आमच्या पोरीले पसंत नाही."

बोलून गेले आणि स्वतःच थबकले. दोन वर्षं झाली, पोरीला बघायला येणारी माणसं पोहे खाऊन जात आणि मग असाच निरोप धाडत. मुलगी चांगली आहे हो, पण आमच्या मुलाला पसंत नाही. दर वेळी त्यांनी तो मान खाली घालून ऐकला होता. म्हणायची पाळी आज पहिल्यांदाच आली होती. एकदा म्हणून त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, दाराकडे तोंड केलं आणि रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हटलं,

"आमच्या पोरीले पसंत नाही."