सेवकरामचा उजवा हात

लकव्यानंतर सेवकरामचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना, आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तो करीना. शेवटी मुलगा संघदीपने पुण्याहून एक व्हिडिओ गेम आणून आमगावच्या घरातल्या टीव्हीला जोडला. रिमोट धरून हवेत हात फिरवला की पडद्यावरचा खेळाडू टेनिसचा चेंडू मारायचा.

"पोराईचा खेळ आहे थो, मी कायले खेळू?" सेवकराम फुरंगटला.

मग बायको कलाबाईनेच एक रिमोट उचलला, दुसरा त्याच्या हातात कोंबला आणि पहिल्याच दिवशी त्याला सहा वेळा हरवलं. तो इरेला पेटला. रोज संध्याकाळी स्वयंपाक बाजूला ठेवून दोघं घामाघूम होईस्तोवर खेळू लागली. बत्तीस वर्षांच्या संसारात कलाबाई पहिल्यांदाच नवऱ्यासमोर खदखदून हसली.

चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "हात ठणठणीत आहे. आता खेळ बंद केला तरी चालेल."

त्या संध्याकाळी सेवकराम खांदा चोळत म्हणाला, "अजून जड वाटून राहिला हात."



दुपारीच त्याने त्याच हाताने तांदळाचं पोतं माळ्यावर चढवलेलं कलाबाईने पाहिलं होतं. "मंग तं खेळाच लागते," म्हणत तिने टीव्ही लावला.