घरच्या माणसाची साक्ष

“फोटो नाहीत, पाहुणे नाहीत, साक्षीदारही कोर्टाच्या दारातून धरून आणलेले,” वकीलबाई म्हणाल्या. “लग्न खरं आहे असं सांगणारं घरचं माणूस नसेल, तर ऑस्ट्रेलियाचा व्हिसा कठीण आहे. घरी कुणाला माहीत आहे?”

“कुणालाच नाही.” मृणालच्या घरी होत्या फक्त सासूबाई, तिच्या वारलेल्या नवऱ्याची आई. दवाखान्यातून परतताना ‘फ्लॅटच्या कागदांचं काम आहे’ असं सांगून तिने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. मुलाच्या माघारी आपण दुसरं लग्न केलं, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

दार ढकलून सासूबाईच आत आल्या. “मला आहे माहीत. लिहून घ्या.”

*मी, कालिंदी यशवंत गानू, शपथेवर सांगते की*

*सून रोज संध्याकाळी गॅलरीत ऑस्ट्रेलियातल्या त्या गृहस्थांशी फोनवर बोलते. तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवते. तिला वाटतं, मला ऐकू कमी येतं. तिला मोकळं बोलता यावं म्हणून वाढवते.*

*लग्न केलं त्या दिवशी घरी येऊन ती माझ्या पाया पडली. सण नव्हता, वाढदिवस नव्हता. मी काही विचारलं नाही. आशीर्वाद दिला.*

मृणालला मान वर करवेना.

सही करून सासूबाईंनी विचारलं, “व्हिसा यायला किती दिवस लागतात?”

“वर्ष तरी जाईल, आजी.”

“म्हणजे ही दिवाळी घरीच,” त्या मृणालला म्हणाल्या, आणि खुर्चीतून उठायला त्यांनी हात पुढे केला.